गोळी द्यावी की पेरू?

प्रश्न: बाबांना बीपी आहे. शेजारचे काका म्हणतात व्हिटॅमिन ईची गोळी सुरू करा, रक्तवाहिन्या साफ राहतात. देऊ का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: गोळी नको. थिअरी बरोबरच आहे हो, एलडीएल (म्हणजे 'वाईट') कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइज झालं, म्हणजे ऑक्सिजननं बिघडलं, की पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात नि तिथेच थर साचत जातो, व्हिटॅमिन ईसारखे अँटिऑक्सिडंट हे ऑक्सिडेशन रोखतात, पण २००० सालच्या 'होप' नावाच्या मोठ्या वैद्यकीय चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई देऊनही हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत मात्र हे आजार कमी दिसतात, त्यात फायबर, पोटॅशियमपण असतं ना. मंडईतून पेरू, आवळे, पालक आणा (पेरूत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी!). आवळ्याचं लोणचं मोजकंच, मिठानं बीपी वाढतं. बीपीची गोळी चालूच ठेवा.