केळीचा स्पेक्ट्रम घ्यायला ग्राफिक्स कार्ड लागेल का?

प्रश्न: रावेरजवळच्या पॅकहाउसमध्ये पट्ट्यावरून जाणाऱ्या फण्यांचा स्पेक्ट्रम (कोणत्या रंगाचा किती प्रकाश परत येतो त्याची नोंद) घेऊन केळी किती पिकली ते जागच्या जागी ओळखायचंय. सेकंदाला १०० स्पेक्ट्रम. ग्राफिक्स कार्ड घेऊ का?

उत्तर: नाही भो, नका घेऊ. ते पैसे चांगल्या दिव्यात घाला.

हिशोब करा. सीसीडीचे, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरमधल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, ३६४८ पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला १०० वेळा. पाऊण मेगाबाइटसुद्धा भरत नाही. त्यातून अंधारातलं (प्रकाश बंद असतानाचं) वाचन वजा करायचं, पांढऱ्या फरशीच्या वाचनाने भागायचं आणि ६८० नॅनोमीटरजवळचा क्लोरोफिलचा खड्डा किती भरला ते बघायचं; हिरवेपणा जातो तसा तो भरत जातो. जुन्या लॅपटॉपलाही हे काम जड नाही.

कार्डाची खरी गरज ओसीटीत, म्हणजे डोळ्यांच्या दवाखान्यात रेटिनाचा उभा छेद दाखवणाऱ्या यंत्रात. तिथे २०४८ पिक्सेलची ओळ सेकंदाला लाखभर वेळा येऊ शकते. झाले ४०० मेगाबाइटच्या वर. प्रत्येक ओळ तरंगलांबीवरून तरंगसंख्येवर नव्याने बसवायची, मग तिचं एफएफटी, म्हणजे ओळीत कोणकोणते तरंग मिसळलेत ते वेगळं काढणारं गणित. एका ओळीचं दुसरीवाचून काही अडत नाही, म्हणून सगळ्या कार्डाच्या हजारो कोअरना वाटून देता येतात.

मी पहिल्यांदा असा प्रोग्राम लिहिला तेव्हा एकेक ओळ कार्डाकडे धाडत होतो. साध्या प्रोसेसरपेक्षाही हळू चालला! सावद्याहून दिल्लीला वॅगन सोडायची आणि आत एकच फणी, तसली गत. गणिताला वेळ लागतच नव्हता, सगळा ने-आणीत जात होता. मग हजारेक ओळींचा गठ्ठा करून एकदम एफएफटी केलं, पिन्ड मेमरी (कार्डाला थेट उचलता येईल अशी राखून ठेवलेली मेमरी) वापरली, आणि एक गठ्ठा मोजला जात असताना पुढचा चढवायला लागलो. तेव्हा कुठे चित्र हलायला लागलं. अजून एक खोड: घरगुती कार्डांवर डबल प्रिसिजनचा (३२ ऐवजी ६४ बिटांच्या आकड्यांचा) वेग सिंगलच्या बत्तिसाव्या-चौसष्टाव्या हिश्शावर येतो. कोडमध्ये चुकून एखादा ‘डबल’ राहिला की दिवसभर डोकं खाजवत बसायचं.

पुढेमागे या स्पेक्ट्रोमीटरच्या जागी हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा (चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा वेगळा स्पेक्ट्रम घेणारा) बसवलात, तर कार्डाचं परत बोलू.

सध्या तुमची अडचण वेगळीच असणार: आपला मे महिना. सीसीडी साधारण सहा ते आठ अंशांनी तापला की अंधारातला प्रवाह, म्हणजे प्रकाश नसतानाही येणारा खोटा सिग्नल, दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सातला घेतलेलं अंधाराचं वाचन दुपारी दोनला वापरलंत, तर हिरवी केळीही तुम्हाला पिकलेली दिसतील. शटर लावून ते दर पंधरा-वीस मिनिटांनी नव्याने घ्या.