विचारा गॅरेजमामांना : काचेवरचं धुकं आणि डबल ट्रॉली

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यांची धुराडी पेटली, रस्त्यावर उसाच्या वाढ्याचा (शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा) वास सुटला आणि आमच्याकडं पत्रांचा ढीग लागला. पावसाळ्यात तुम्ही सायलेन्सरमध्ये पाणी गेलं म्हणून विचारता, उन्हाळ्यात इंजिन तापतंय म्हणून, पण थंडीतल्या पत्रांचं एक वेगळंच असतंय, सुरुवात गाडीनं होते आणि दुसऱ्या पानावर साहेब, शिफ्ट, मोबाईल, नवरा सगळे येतात. माझं आयुष्य गेलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडीच्या पोटाखाली आडवं पडून, साहेब दुरुस्त करायचा पाना काय माझ्याकडं नाही. तरी बघतो.

मामा, मी रोज सकाळी सव्वासहाला राजारामपुरीतनं गाडी काढते, वाटेत दोन मैत्रिणींना घेते आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सातच्या शिफ्टला पोचते. तिघी गाडीत बसलो की दोन मिनिटांत पुढची काच आतनं पांढरी होते, हायवेला लागलं की काहीच दिसत नाही. एक हात स्टिअरिंगवर आणि एका हातात टॉवेल अशी कसरत चालते. एसी लावला की मैत्रिणी ओरडतात आणि नवरा म्हणतो थंडीत एसी लावायला येडी झालीस काय, ॲव्हरेज पडतंय. काय करू? — एक ताई, राजारामपुरी

ताई, पहिलं म्हणजे तो टॉवेल घरी ठेवा. दुसरं म्हणजे नवऱ्याला सांगा की मामा म्हणाले एसी लावायचा.

आता का ते सांगतो. तुम्ही तिघी जणी बोलत बोलत जाता (जाताच, शिफ्टच्या आधी तेवढाच वेळ मिळतो), त्या श्वासातली वाफ गार काचेला लागली की तिचं पाणी होतंय, फ्रीजमधनं बाटली काढल्यावर तिला घाम फुटतो ना तसंच. टॉवेलनं पुसून काय होणार, वाफ आतच आहे, परत बसणार. ती वाफ हवेतनंच काढली पाहिजे आणि ते काम एसी करतो, तो नुसता गार करत नाही, हवेतलं पाणी पण काढून घेतो, गाडी उभी असताना खाली ठिबकतंय ते पाणी तेच. म्हणून एसीचं बटण चालू, टेंपरेचरचा नॉब मात्र पूर्ण लाल बाजूला, आणि हवेची दिशा पुढच्या काचेवर. गरम आणि कोरडी हवा येते, मैत्रिणी पण गप्प बसतात. पहिली दोन-चार मिनिटं इंजिन गार असतंय तोवर गरम हवा येणार नाही, तेवढा दम काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या बटणावर गाडीच्या आत गोल फिरणारा बाण असतो ते बंद करा. ते चालू असलं की आतलीच हवा आत फिरते, म्हणजे तिघींची वाफ पुन्हा तिघींना. माझ्याकडं काच धुरकट होतीय म्हणून येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांत हेच बटण दाबलेलं असायचं, धूळ येते म्हणून एकदा दाबलं ते दाबलंच. काच आतनं एकदा स्वच्छ पण करा, आपण बाहेरची काच रोज धुतो आणि आतल्या काचेवर वर्षाचा मेणचट थर तसाच, त्यावर वाफ लगेच धरते. ॲव्हरेजचं म्हणाल तर दहा मिनिटं एसी लावून जे पेट्रोल जातंय त्यापेक्षा एका डेंटिंगचं बिल मोठं असतंय, हा हिशोब नवऱ्याला दाखवा.

जाता जाता, पावसाळ्यात याच्या बरोबर उलटं होतं. तेव्हा काच एसीनं गार पडते आणि धुकं बाहेरनं धरतंय. तेव्हा वायपर मारायचा आणि एसी कमी करायचा. आतनं बोट फिरवून बघा, रेघ उठली तर वाफ आत, नाही उठली तर बाहेर. एवढं सोपं आहे.

मामा, माझी शिरोलीत सेकंड शिफ्ट असते, सुटून कळ्याला घरी जाईस्तोवर रात्रीचा एक वाजतो. फुलेवाडी सोडली की पुढं गगनबावडा रोडला उसाच्या डबल ट्रॉल्या. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, गाण्याचा डेक मात्र दोन किलोमीटरवर ऐकू येतोय. परवा वाचलो ते नशिबानं, ट्रॉली अंगावर आल्यावर दिसली. आणि बोलायची पण चोरी, आमचा ऊस त्याच ट्रॉल्यांतनं जातोय. वडील म्हणतात हंगामापुरतं सांभाळून घे. कसं सांभाळू? — तुमचा भाचाच समजा, कळे

भाच्या, तुझं पत्र दोनदा वाचलं. कारण मी पण एकदा धडकलोय, बालिंग्याच्या अलीकडं, बरीच वर्षं झाली त्याला. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती, मागं चार दगड मांडलेले आणि वर उसाची वाढी खोचलेली, म्हणजे त्यांच्या हिशोबानं सिग्नलच. मी त्या दगडावरनं उडालो. हात मोडला तो अजून थंडीत दुखतो. दुसऱ्या दिवशी भाऊ बघायला गेला तर ट्रॉली गेलेली आणि दगड तिथंच! ते दगड कोण उचलतच नाही रे, ट्रॉलीपेक्षा ते जास्त दिवस मुक्कामाला असतात.

आता हिशोब बघ. मोटारसायकलचा डिपर, म्हणजे खाली पडणारा लाइट, साधारण 40-50 मीटर उजेड टाकतोय. तू 60 च्या स्पीडनं चाललास म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. समोर काहीतरी आहे हे डोक्यात शिरून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धर, म्हणजे 25 मीटर गेलेच, त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी 23-24 मीटर. झाले की नाही 49? उजेड संपला तिथंच तुझी गाडी थांबली, ती पण सगळं बरोबर झालं तर. आणि आपल्या रस्त्यावर फडातनं निघालेल्या टायरची माती पडलेली, त्यावर चार उसाची कांडकी, ब्रेक मारला की चाक ओढतंय. 40 नं गेलास तर हेच सगळं 27-28 मीटरमध्ये होतंय. रोजच्या वाटेवर तुला फार तर दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील. एक वाजता काय आणि सव्वाला काय, आई जागीच असणार.

अप्पर मारून जा म्हणणारे भेटतील. रस्ता मोकळा असेल तर मार, पण नदीकाठाला, भोगावतीच्या पुलाजवळ, उसाच्या रानात जिथं धुकं धरतंय तिथं अप्पर मारला की समोर नुसती पांढरी भिंत, धुक्यातले थेंब तुझाच उजेड तुझ्या डोळ्यात परत फेकतात. तिथं डिपरवर ये आणि डाव्या बाजूची पांढरी पट्टी धरून चाल. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की पहाटे धुकं हमखास असतंय, त्यात कुणी पाचट पेटवलं असलं तर विचारूच नको. आणि समोरनं एकच दिवा येताना दिसला तर ती मोटारसायकलच आहे असं धरू नको. एक लाइट गेलेला ट्रॅक्टर असतो तो, आणि पेटलेला दिवा कुठल्या बाजूचा हे जवळ आल्यावर कळतं. डबल ट्रॉलीला ओव्हरटेक करताना पण तेच, आपल्याला वाटतं एक संपली की झालं, तोवर दुसरी सुरू. मागची ट्रॉली वळणावर नागिणीसारखी डुलते आणि बाहेर आलेला ऊस तुझ्या मानेच्या उंचीला असतो. दोन्ही संपून पुढं मोकळं दिसेपर्यंत मागंच थांब, कितीही डेक वाजू दे.

त्या डेकवरनं आठवलं, डायव्हरला शिव्या देताना जरा दमानं. तो पोरगा कारखान्याच्या अड्ड्यात नंबर लावून रात्रभर बसलेला असतो, काट्यावर वजन झालं की गाडी खाली करून परत फडात, झोप लागू नये म्हणून गाणी लावतो. ऐकू येणारी ट्रॉली न ऐकू येणाऱ्यापेक्षा बरी, मी तर म्हणतो आपल्याला दिसायच्या आधी तेवढाच हॉर्न.

पण रिफ्लेक्टर नाही याला मात्र माफी नाही. पुढं पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल असा नियम आहे आणि टेपचा खर्च एका ट्रॉलीला काही फार येत नाही. बरं, असला तरी गंमत बघ, लाल पट्टी असते ट्रॉलीच्या फळीवर आणि ऊस तिच्यापुढं हातभर बाहेर, वाढी लोंबकळून ती झाकली जाते. म्हणून तुझी चोरी कशाला, तुझा तर हक्क आहे. ज्या दिवशी तुमचा ऊस भरला जाईल त्या दिवशी तूच फडात उभा राहा आणि लाल टेप चिकटवलेली एक पट्टी मागच्या मोळ्यांना बाहेरनं बांधून दे, मुकादम नको म्हणणार नाही. लाल फडकं बांधू नको, रात्री ते काळंच दिसतं. वडिलांना सांग, हंगामापुरतं सांभाळून घ्यायचं ते असं.

सकाळी बाईकचा सेल्फ लागत नाही, नुसतं टिकटिक करतंय, दुपारी मात्र एका झटक्यात. किक नाही. — कदमवाडी

बॅटरी. थंडीत तिची ताकद उतरते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतंय, म्हणजे काम जास्त आणि अंगात जीव कमी. तीन-चार वर्षं झाली असतील तर बदलून टाका. रोजचं जाणं-येणं दोनच किलोमीटरचं असेल तर नवी पण चार्ज होणार नाही, रविवारी जोतिबाला जाऊन या, बॅटरी पण खूश आणि देव पण.

टायरवाला म्हणतो थंडीत नायट्रोजनच भरा. भरू का? — शाहूपुरी

साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, तो तुम्ही फुकट भरताय. उरलेल्याचे पैसे द्यायचे का ते तुम्ही ठरवा. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी हवा चेक करा, पारा 10 डिग्रीनं उतरला की टायरमधली हवा पण साधारण 2 पीएसआयनं कमी दिसते, म्हणून थंडीत गाडी जड लागते. सकाळी गार टायर असतानाच बघायची, पाच किलोमीटर पळवून आणल्यावर नाही.

मामा, फिरतीची नोकरी आहे. साहेबांनी ग्रुप काढलाय, साडेआठला सगळ्यांनी लाइव्ह लोकेशन टाकायचं. मी गाडीवर असताना फोन करतात, उचलला नाही तर ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारतात कुठं आहात. आता हेल्मेटमध्ये मोबाईल खोचून बोलतो. थंडीनं हेल्मेटची काच पण धुरकट होते. उपाय सांगा. — त्रासलेला, उचगाव

दादा, दोन्हीचा उपाय एकच, तोंड बंद ठेवा. बोलला की वाफ, वाफ आली की काच गेली. हेल्मेटची काच अगदी बोटभर वर ठेवा, वारं खेळलं की धुकं धरत नाही. थंडी जास्त वाजत असेल तर मफलर गळ्याला गुंडाळा, नाकावरनं घेऊ नका, सगळा श्वास वर काचेवर जातो.

साहेबाचं मी काय सांगू. लाइव्ह लोकेशन टाकलेलं असताना कुठं आहात विचारणाऱ्या माणसाला नकाशा वाचता येत नाही एवढंच मला कळतं. एक करा, सकाळी निघतानाच ग्रुपवर टाका की आता गाडीवर आहे, पोचल्यावर मीच फोन लावतो, आणि खरंच लावा, न चुकता, आठवडाभर. बहुतेक साहेबांना काम नको असतं, आपण विचारलेलं चालतं एवढी खात्री हवी असते. त्यानं पण नाही भागलं तर तावडे हॉटेलजवळ बाजूला उभं राहून फोन घ्या आणि मागनं ट्रकचे हॉर्न नीट ऐकू द्या.

रात्री समोरनं येणाऱ्या पांढऱ्या एलईडीनं डोळे दिपतात. काही इलाज? — कळंबा

नाही. म्हणजे तुमच्या हातात नाही. समोरच्या दिव्याकडं बघायचं टाळा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर टाका, स्पीड कमी करा आणि काच स्वच्छ ठेवा, ओरखडे पडलेल्या काचेवर तो उजेड दुप्पट फुटतो. आपण पण सूड म्हणून अप्पर मारू नका, दोन आंधळे करून काय मिळणार. गंमत सांगतो, एप्रिल 2017 पासनं नव्या दुचाकींचा लाइट दिवसा पण चालूच राहतो, ते बंद करायचं बटणच नाही, तरी अजून मला रोज दोघं-तिघं तरी हात उघडझाप करून "लाइट चालू हाय" म्हणून खुणावतात. आणि रात्री अप्पर मारून येणाऱ्याला कोण खुणावत नाही.

आमचे हे रिटायर झालेत. रोज पहाटे पावणेसहाला उठून दारात गाडी वीस मिनिटं चालू करून ठेवतात, म्हणतात इंजिन गरम व्हायला पाहिजे. गाडी 2021 ची आहे. जायचं कुठंच नसतं. वर राहणाऱ्या बाळंतिणीच्या घरात धूर जातोय. मामा, तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत. — मंगळवार पेठ

काकू, पत्र काकांनाच वाचायला द्या, इथनं पुढचं त्यांच्यासाठी.

काका, ते चोकचे दिवस गेले. आपली जुनी कार्बोरेटरची गाडी होती तेव्हा ती खोकत खोकत चालू व्हायची, तेव्हा बरोबर होतं तुमचं. आत्ताच्या गाडीला किती पेट्रोल सोडायचं ते तिचं तिला कळतं. अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर हळू चालवायची, उभ्यापेक्षा चालत्यात इंजिन लवकर गरम होतं, आणि गिअर, बेअरिंग, टायर हे उभ्यानं गरम होतच नाहीत. वीस मिनिटं नुसती चालू ठेवून पेट्रोल जातं, काजळी धरते आणि वरच्या बाळाला खोकला लागतो.

पावणेसहाला जाग येतेच आहे तर चावी खुंटीला राहू द्या आणि चालत गंगावेशीत जा. म्हशी कट्ट्यावर उभ्या असतात, समोर धार काढून गरम दूध हातात देतात. येताना त्या बाळंतिणीसाठी पण तांब्याभर घेऊन या.