वाचकांचे प्रश्न : मॉड अपडेट करताना

प्रश्न : 'स्कायरिम स्पेशल एडिशन' हा गेम आपोआप अपडेट झाला आणि तेव्हापासून एसकेएसई (गेममध्ये बदल करणाऱ्या मॉडपैकी अनेकांना लागणारा जोड-प्रोग्रॅम) चालेना. साधा गेम सुरू होतो. आता सगळे मॉड पुन्हा टाकायचे का?

उत्तर : मुळीच नाही. टेक्श्चर (पृष्ठभागाची चित्रं), मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार), आवाज यांच्या मॉडना सहसा काही होत नाही. एसकेएसई मात्र गेमच्या एक्झी (मुख्य प्रोग्रॅम) फाइलमधल्या ठरावीक पत्त्यांवर आपला कोड जोडतं. एक्झी बदलली की पत्ते सरकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये गेम १.५.९७ वरून १.६.३१७ वर गेला, तेव्हा एक्झी नव्या कम्पायलरवर तयार केलेली होती. त्यामुळे जवळजवळ सगळे डीएलएल मॉड (एसकेएसईमार्फत गेमला स्वतःचा कोड जोडणारे) एकदम बंद पडले. 'ॲड्रेस लायब्ररी'चे, म्हणजे डीएलएल मॉडना हे पत्ते पुरवणाऱ्या मॉडचे, एसई (१.५.९७ पर्यंतच्या आवृत्त्यांसाठी) आणि एई (१.६ पासूनच्या आवृत्त्यांसाठी) असे दोन वेगळे संच तेव्हापासून आहेत.

गेमच्या फोल्डरमधल्या स्कायरिमएसई या एक्झीवर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीज, मग डिटेल्समध्ये आवृत्ती पाहा. १.६.११७० दिसली तर नेमक्या त्याच आवृत्तीसाठी बनवलेलं एसकेएसई हवं. जवळपासचं चालत नाही. त्याचा लोडर (गेम सुरू करणारी फाइल) आणि डीएलएल एक्झीशेजारी ठेवा, स्क्रिप्ट (गेमने पाळायच्या सूचनांच्या फायली) 'डेटा' फोल्डरमध्ये. त्यानंतर ॲड्रेस लायब्ररी बदला, आणि शेवटी डीएलएल असलेले मॉड एकेक करून. कोणता डीएलएल नाकारला गेला ते डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स' फोल्डरात, या गेमच्या एसकेएसई फोल्डरमधल्या लॉगमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. अंदाज बांधण्याआधी तो लॉग वाचा.

पुढच्या वेळेसाठी स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून 'फक्त सुरू करताना अपडेट करा' हा पर्याय निवडा आणि गेम कायम एसकेएसईच्या लोडरनेच उघडा. मॉड सांभाळणारा 'मॉड ऑर्गनायझर २' हा प्रोग्रॅम वापरत असाल तर लोडर त्याच्या आतूनच सुरू करा. त्याचे मॉड 'डेटा' फोल्डरमध्ये प्रत्यक्ष नसतात, म्हणून बाहेरून सुरू केलेल्या गेमला ते दिसतच नाहीत.

प्रश्न : चालू सेव्हमध्ये मॉडची नवी आवृत्ती टाकली तर चालेल का? मॉड ऑर्गनायझर 'मर्ज' की 'रिप्लेस' विचारतो, तिथे काय निवडावं?

उत्तर : मुख्य फाइलची नवी आवृत्ती असेल तर रिप्लेस, म्हणजे जुन्या फायली काढून नव्या. मर्ज केल्यास लेखकाने नव्या आवृत्तीतून काढून टाकलेल्या फायली तुमच्याकडे तशाच राहतात, आणि जुनी स्क्रिप्ट नव्या प्लगइनशी (मॉडच्या ईएसपीसारख्या डेटा फाइलशी) भांडते. मर्ज फक्त त्याच मॉडच्या छोट्या दुरुस्ती-फाइलसाठी.

सेव्हचं उत्तर मॉडमध्ये काय आहे यावर ठरतं. नुसतं रंगरूप बदलणारा मॉड केव्हाही बदला. स्क्रिप्टचा मॉड जपून, कारण चालू स्क्रिप्टची स्थिती सेव्हमध्येच साठवलेली असते. मॉड काढला तरी ती तिथून जात नाही. 'नवा गेम सुरू करावा' असं लेखकाने बदलांच्या यादीत लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. तसंच, ईएसपी प्लगइन मध्येच ईएसएल (हलका प्लगइन प्रकार) करू नका. त्यातल्या वस्तूंचे ओळख-क्रमांक बदलतात आणि सेव्हमधल्या त्या वस्तू गायब होतात. आधी सेव्हची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि नव्या आवृत्तीत तुम्हाला हवं असं काहीच नसेल, तर सुरळीत चाललेला मॉड अपडेट करूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : साठ मॉड आहेत आणि मेन्यू येण्याआधीच गेम बंद पडतो. दोषी कसा शोधावा?

उत्तर : इतक्या लवकर बंद पडत असेल तर पहिला संशय मास्टर फाइल (एखादा प्लगइन ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून असतो ती) नसण्यावर घ्या. मॉड ऑर्गनायझर अशा प्लगइनपुढे इशारा दाखवतो. तिथे काही नसेल तर निम्मे मॉड बंद करून पाहा. गेम चालला तर दोष बंद केलेल्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यात. ६०, ३०, १५, ८, ४, २, १ असं सहा फेऱ्यांत सापडतो. मात्र एखादा मॉड ज्यावर अवलंबून आहे तो त्याच्यासोबतच ठेवा, नाहीतर दर फेरीत नवीच चूक निर्माण होईल. या तपासात चांगला सेव्ह उघडून त्यावर पुन्हा सेव्ह करू नका.

प्रश्न : 'स्टारड्यू व्हॅली' या गेमचे मॉड अपडेट केले की माझी सगळी सेटिंग जातात.

उत्तर : सेटिंग मॉडच्या फोल्डरमधल्या कॉन्फिग नावाच्या जेसन फाइलमध्ये असतात. ती तेवढी ठेवा, बाकी जुन्या फायली काढा आणि मग नवी आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये अनझिप करा. कोणत्या मॉडची नवी आवृत्ती आली आहे ते एसएमएपीआयची (या गेमचे मॉड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) काळी खिडकी गेम सुरू होताना सांगते.