दुरुस्तीला टाकलेला टीव्ही आणि 11 जून ही तारीख

प्रश्न : वडिलांनी 1978 साली पुण्यात घेतलेला, शटरचा लाकडी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मी जानेवारी 2024 मध्ये तिथल्याच एका दुकानात दुरुस्तीला टाकला. चेकिंगचे 300 रुपये ऑनलाइन दिले. 11 जून 2024 ला दुकानदाराचा मेसेज आला : ‘ईएचटी मिळत नाही. टीव्ही होणार नाही. घेऊन जा.’ (ईएचटी म्हणजे पिक्चर ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.) मी ठाण्याला असतो, जाणं जमलं नाही. 2025 च्या दिवाळीत गेलो तर ‘शोधून ठेवतो’ म्हणाला. आता फोनवर ‘भंगारात गेला असेल’ म्हणतो. पावतीवर ‘30 दिवसांत माल न नेल्यास दुकानदार जबाबदार नाही’ असं छापलेलं आहे. टीव्ही परत मिळेल का?

उत्तर : अशी पत्रं नेहमी येतात. कधी शिलाई मशीन असतं, कधी घड्याळ, कधी मिक्सर. सगळ्यांना धास्ती असते ती पावतीवरच्या बारीक अक्षरांची. तुमच्या प्रकरणात ती अक्षरं दुय्यम आहेत. खरा प्रश्न 11 जूनच्या मेसेजचा आहे. सोबत पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या मेसेजखाली तुमचा एका अंगठ्याचा इमोजी दिसतो. म्हणजे मेसेज पोचला, वाचला आणि मान्यही केला. त्यानंतर सव्वा वर्षाहून जास्त काळ तुमच्याकडून एक ओळ नाही. ‘जमलं नाही’ हे कारण ग्राहक आयोगापुढे फार टिकत नाही. पुण्यातला एखादा मित्र, भाचा, निदान एखादा टेम्पोवाला तरी पाठवायचा होता.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. कारण कधी घडलं? तुम्ही म्हणाल, टीव्ही सापडत नाही हे दिवाळीत कळलं, म्हणून तिथून मोजा. समोरचा वकील म्हणेल, दुरुस्ती होणार नाही हे 11 जून 2024 लाच सांगितलं होतं, सेवा तिथेच संपली. मला तुमची बाजू जास्त पटते, कारण तुमचं गाऱ्हाणं दुरुस्ती न झाल्याचं नाही, वस्तू गेल्याचं आहे. पण आयोग काय म्हणेल याची पैज मी लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नका. मुदत 11 जूनपासूनच धरा आणि 10 जून 2026 च्या आत तक्रार दाखल करा. उशीर माफ करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, पण तिथे सबळ कारण द्यावं लागतं आणि ते तुमच्याकडे नाही. नोटिशींची देवाणघेवाण चालू आहे म्हणून मुदत वाढते, हा लोकांचा लाडका गैरसमज. वाढत नाही.

आता त्या 30 दिवसांच्या ओळीबद्दल. ती नीट वाचा. ‘जबाबदार नाही’ एवढंच लिहिलंय; ‘माल विकू’ किंवा ‘भंगारात देऊ’ असं कुठेही नाही. चोरी झाली, पाणी शिरलं, उंदरांनी वायरी कुरतडल्या, तर या ओळीच्या आडोशाला तो कदाचित उभा राहू शकेल. स्वतःच्या हाताने दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला देण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. करार कायद्याचं कलम 151 ठेवलेल्या वस्तूची स्वतःच्या वस्तूसारखी काळजी घ्यायला सांगतं. कलम 170 नुसार कारागिराला मजुरीपोटी वस्तू अडवून ठेवता येते, पण ती त्याने केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी. इथे काम झालंच नाही, आणि अडवणं म्हणजे विकणं नव्हे.

ते 300 रुपये बरे दिलेत. फुकट सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. टीव्हीची किंमत तुम्ही काहीही लावलीत तरी आयोगाचं शुल्क ठरतं दिलेल्या मोबदल्यावरून, आणि पाच लाखांपर्यंत ते शून्य आहे. तक्रार ठाण्यातच करा. राहत्या जिल्ह्यात दाखल करण्याची सोय याच कायद्याने दिली.

पुराव्याची बाजू मात्र लंगडी आहे. पावतीवर ‘टीव्ही – 1 नग, बंद’ एवढंच. कंपनी नाही, नंबर नाही, शटर असलेलं लाकडी कॅबिनेट होतं याचा उल्लेखही नाही. उद्या तो दुसराच एखादा मोडका सेट पुढे करून ‘हाच तुमचा’ म्हणाला तर? घरातले जुने अल्बम काढा. गणपतीचे, बारशाचे फोटो बघा. त्या काळच्या घरांत टीव्ही मागे कुठेतरी आलेला असतोच.

वस्तूच परत हवी असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याची (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलमं 7 आणि 8 आहेत, दिवाणी दावा आहे. पैशाने भरपाई होत नाही अशी वस्तू त्यांत येते आणि वडिलांचा टीव्ही त्यात बसावा. पण टीव्ही अस्तित्वात असेल तरच. भंगारवाला यॉकमधलं, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्यातलं, तांबं काढतो, ट्यूब फोडतो; कॅबिनेट फार तर जुन्या बाजारात दिसेल. शिवाय दिवाणी कोर्टाची चाल तुम्हाला ठाऊक आहे. ग्राहक आयोगानेही तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. ते वाचून मुलांच्या सुट्ट्या ठरवू नका. पोलिसांत जाऊन विश्वासघाताची तक्रार देता येईल, पण हेतू अप्रामाणिक होता हे दाखवणं अवघड. पोलीस ठाण्यातले अंमलदार बहुधा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतील.

भरपाई किती, हे सांगणं धाडसाचं ठरेल. बंद सेटची बाजारभावाने किंमत नगण्य. मानसिक त्रासाची रक्कम आयोगाच्या मर्जीवर.

आधी आज एक काम करा. त्याला साधा मेसेज पाठवा : ‘टीव्ही कोणाला आणि कधी दिलात, कळवा, मी जाऊन बघतो.’ चिडू नका, कायद्याचं कलम लिहू नका. ‘असेल’ या शब्दावर तो अजून मागे फिरू शकतो; लेखी उत्तर आलं की फिरता येणार नाही. शिवाय भंगारवाल्याचा पत्ता मिळालाच तर त्याच दिवशी पुण्याला जा. त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच विलीन झालं आहे. नोटिशीनंतर तो हजार-दोन हजार पुढे करेल. घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण ‘काही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही करण्याआधी टीव्ही कुठे गेला ते लिहून घ्या.