लसणाचा गड्डा का भरत नाही? वाचकांचे प्रश्न, परसबागेची उत्तरे

जानेवारीत घरातल्याच लसणाच्या पाकळ्या लावल्या. पात छान आली, पण एप्रिलमध्ये उपटला तर गोटीएवढी एकेकच पाकळी! बियाणं वाईट होतं का? (भुसावळ)

बियाण्यापेक्षा मुहूर्त चुकला. लसणाला आधी थंडी लागते. थंडीत पात वाढते आणि आत पाकळ्या पडायची तयारी होते. पुढे ऊन चढलं आणि दिवस मोठा झाला की गड्डा फुगतो. जानेवारीत लावलेल्या रोपाला थंडी जेमतेम महिनाभर मिळाली. तेवढ्यात आपल्याकडचा मार्च तापला आणि पाच-सहा पानांवरच रोपानं आवरतं घेतलं. म्हणून पाकळ्या पडल्याच नाहीत.

खान्देशात ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा मध्य, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास लागवड उरकावी. गोदावरी, श्वेता, यमुना सफेद, भीमा ओंकार या जाती मैदानी भागात येतात. बाजारातला मोठ्या पाकळीचा पहाडी लसूण दिसायला देखणा, पण त्याला दिवस आणखी मोठा लागतो. इथे तो नुसती पात देतो.

गड्डे लावायच्या दिवशीच फोडा. फक्त बाहेरच्या जाड पाकळ्या घ्या, आतल्या बारीक काड्या फोडणीला ठेवा. बारीक पाकळीचा गड्डाही बारीकच होतो. सालं काढू नका. टोक वर, बूड खाली, दोन ते तीन सेंटीमीटर खोल. दोन पाकळ्यांत आणि दोन ओळींत दहा-दहा सेंटीमीटर ठेवलं तर चौरस मीटरला शंभर रोपं बसतात. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्याला पाऊण ते एक किलो लसूण पुरतो.

त्या एकपाकळ्या गोट्या फेकू नका. कोरड्या ठेवून येत्या ऑक्टोबरात लावा, त्यांचे चांगले गड्डे होतील.

आमची जमीन काळी कसदार आहे, तरी निम्म्या पाकळ्या मातीतच सडतात. (अमळनेर)

कपाशीला मानवणारी तीच माती लसणाला घात करते, कारण ती पाणी धरून बसते. सपाट वाफा सोडा आणि पंधरा सेंटीमीटर उंच गादीवाफा करा. चौरस मीटरला दोन-तीन किलो पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन घमेली जाड रेती मिसळा. कच्चं शेणखत नको, त्यानं हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते आणि सडही. लावल्यावर एक हलकं पाणी, दुसरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कोंब साधारण आठ-दहा दिवसांत दिसतात. त्यानंतर बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी. काळ्या जमिनीत हे अंतर आठ-दहा दिवसांचं पडतं. भेगा पडेपर्यंत मात्र थांबू नका. ताण देऊन एकदम भरपूर पाणी पाजलं की तयार होत आलेले गड्डे फुटतात.

पानांवर पांढुरके चट्टे आणि शेंडे वाळलेले. युरिया द्यावा का? (शहादा)

आधी मधलं पान उकलून बघा. आत पिवळसर, सुईच्या टोकाएवढे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. पन्नास ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या बेचक्यात जाईल असं फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. चट्टे जांभळट, मध्ये खोलगट असतील तर तो करपा. तशी पानं काढून जाळा आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी द्या.

युरिया आता नकोच. युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन), आणि त्याचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर दीड महिन्याच्या आत संपवायचा. उशिरा दिलेल्या नत्रानं प्रत्येक पाकळीला आतच कोंब फुटतो, बाजूनं पात निघते आणि गड्डा पोचट राहतो.

भरतासाठी पात कापली तर चालेल? (यावल)

गड्डा हवा असलेल्या रोपाची नाही. पान कापलं की गड्ड्याचं जेवण कापलं. पातीसाठी वेगळी कुंडी करा. उरलेल्या बारीक पाकळ्या इथे कामी येतात, त्या अगदी बोटभर अंतरावर दाट लावा. ऑक्टोबरच्या शेवटी लावल्या तर चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याला कोवळी पात हाताशी असते. जमिनीवर दोन बोटं ठेवून कापा, एक-दोनदा पुन्हा फुटते.

काढायचा कधी आणि पावसाळाभर टिकवायचा कसा? (साक्री)

लागवडीपासून सव्वाचार महिन्यांच्या आसपास, निम्मी पात पिवळी पडून माना झुकल्या की. त्याआधी पंधरा दिवस पाणी बंद. पातीला धरून ओढू नका, मान तुटते. खुरप्यानं बाजूची माती सैल करून उचला. मग धुवायचा नाही, आणि आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर मुळीच टाकायचा नाही, पाकळ्या भाजून पिवळ्या पडतात. पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर पसरा. पात वाळत आली, पण अजून लवचीक आहे, तेव्हाच वेण्या घालून ओसरीच्या आढ्याला टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बंद डब्यात ठेवलेल्याला जुलैत बुरशी धरते. पुढच्या बियाण्याचे दहा-पंधरा ठसठशीत गड्डे आधीच बाजूला बांधून ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत ते फोडणीत गेलेले असतात.