तीर्थनच्या ट्राउटसाठी पहिला फ्लाय रॉड, रील आणि लाइन: काय घ्यावं?

तुमचा प्रश्न असा: कोकणात गरीने आणि स्पिनिंग रॉडने मासे धरलेत, फ्लाय फिशिंग (पिसं-दोऱ्यांनी बांधलेला खोटा किडा, म्हणजे फ्लाय, फेकून मासे धरणं) कधी केलेलं नाही, एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जायचंय, पुढे जमलं तर काश्मीर. एकच सेट घ्यायचा तर कोणता, आणि पैसे कशावर घालायचे?

एकच सेट असेल तर 9 फुटी, 5 वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा नंबर), चार तुकड्यांचा, मीडियम-फास्ट ॲक्शनचा, म्हणजे फार मऊ नाही आणि फार ताठही नाही असा रॉड घ्या. त्यावर 5 वेटचीच, वेट फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन जास्त असलेली), तरंगणारी लाइन. खोक्यावर डब्ल्यूएफ-5-एफ असं लिहिलेलं असतं. रील साधं चालेल. बहुतेक जण आधी रॉड, मग देखणं रील घेतात आणि उरलेल्या पैशात लाइन. माझा क्रम उलटा आहे: आधी पाणी बघायचं, मग लाइन ठरवायची, त्या लाइनला साजेसा रॉड घ्यायचा आणि रीलचा विचार शेवटी.

स्पिनिंगमध्ये वजन लूरला असतं आणि तंगूस त्याच्यामागून ओढली जाते. फ्लायला वजन जवळपास नसतंच. इथे फेकायची असते ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या टोकाला जाते. रॉड वाकतो तोही लाइनच्याच वजनाने. म्हणून लाइनचे नंबर वजनावर ठरलेत. पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9.1 ग्रॅम असेल तर ती 5 वेट. 4 वेट 120 ग्रेनची, 6 वेट 160 ग्रेनची. रॉडवरचा 5 हा आकडा एवढंच सांगतो की 5 वेटची लाइन 30 फूट बाहेर असताना हा रॉड नीट वाकतो.

पण तीर्थनसारख्या नदीत 30 फूट लाइन बाहेर असतेच कुठे? धोंड्यांमधून उसळत येणारं पाणी, धोंड्यामागे हातभर शांत जागा आणि मासा तिथे. फेक 20 ते 30 फुटांची. त्यातले 9 फूट लीडरचे (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक, पारदर्शक दोरी), म्हणजे रॉडच्या टिपबाहेर लाइन उरली जेमतेम 11 ते 21 फूट. लाइनचं पुढचं टोक निमुळतं असल्याने 15 फुटांचं वजन निम्म्याहूनही कमी भरतं. एवढ्याशा वजनाला फास्ट ॲक्शनचा ताठ रॉड दाद देत नाही. मग नवखा माणूस मनगटाने जोर लावतो, टिप खाली झुकते, लाइनचा फास स्वतःलाच छेदतो आणि लीडरमध्ये बारीक गाठी पडतात. दोष हाताला दिला जातो, पण अर्धा दोष रॉड-लाइनच्या जोडीचा असतो. 80 फूट फेकणारा रॉड ही जाहिरात ट्राउटच्या डोंगरी पाण्यासाठी कामाची नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक, मीडियम किंवा मीडियम-फास्ट रॉड. दोन, रॉड फास्टच असेल तर लाइन अर्धा नंबर जड घ्यायची. सायंटिफिक अँगलर्सची एमपीएक्स लाइन मुळातच अर्धा नंबर जड बनवलेली असते. कॉर्टलंड 444 मात्र आपल्या नंबराला धरून असते आणि मऊ रॉडवर फार छान पडते. मऊ रॉडवर जड लाइन घालू नका, सगळं लोळतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या किटमधल्या लाइनवर माझा विश्वास नाही. तुमच्याकडे आलीच, तर टोकापासून 30 फूट, म्हणजे 9.14 मीटर मोजून खूण करा. तेवढी गुंडाळी 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. ओळखीचा सोनार असेल तर उत्तमच. 8.7 ते 9.5 ग्रॅम भरली तर ती खरी 5 वेट. साडेसातच्या आसपास असेल तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, ती 4 आहे.

वेट फॉरवर्ड की डबल टेपर (दोन्ही टोकांना सारखीच निमुळती होणारी लाइन) हा वाद जुना आहे. 30 फुटांच्या आत दोन्हींत फरक जाणवत नाही. डबल टेपरचा फायदा असा की एक टोक झिजलं की लाइन उलटी करून दुसरं वापरता येतं. पण ती रीलवर जास्त जागा खाते. काश्मीरला लिद्दर नदीच्या रुंद पाण्यात थोडं लांब फेकायची वेळ येईल, म्हणून तुमच्यासाठी वेट फॉरवर्डच. बुडणारी लाइन सध्या नको. खोल जायचं तर टंगस्टन मण्याची निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) बांधा, लाइन तरंगतीच ठेवा.

रॉडची लांबी 9 फूट का, हेही सांगतो. तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये जोरकस धार असते. तिच्यावर लाइन पडली की धार तिला ओढते, फ्लाय तिरपी पळते आणि ब्राउन ट्राउट तिच्याकडे बघतही नाही. लांब रॉडने लाइन धारेवरून उचलून धरता येते. गुशैणी गावाजवळ तीर्थनला येऊन मिळणाऱ्या फलाचनसारख्या अरुंद, झाडांनी झाकलेल्या ओढ्यात मात्र 9 फूट अडचणीचे होतात. तिथे साडेआठ फुटी 4 वेट जास्त मजा देतो. रेडिंग्टनचा क्लासिक ट्राउट हा त्यातला माझा आवडता, मऊ आणि जवळच्या फेकीला गोड. पण पहिला आणि एकमेव रॉड म्हणून ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर 9 फुटी 5 वेट सुचवेन. वारा असला तरी आणि जड निम्फ असली तरी निभावतो. ऑर्व्हिसची 25 वर्षांची हमी छान आहे, पण मोडलेला तुकडा अमेरिकेपर्यंत पोचवायचा खर्च आधी विचारात घ्या. दोन तुकड्यांचा रॉड स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चार तुकड्यांच्या रॉडची नळी पाऊण मीटरच्या आसपास असते, दोन तुकड्यांची जवळपास दुप्पट, आणि मनालीच्या रात्रीच्या बसमध्ये ती सांभाळणं म्हणजे शिक्षा.

रीलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तीर्थनमधला बहुतेक ट्राउट वीतभर ते फूटभर. रीलचं काम लाइन सांभाळणं. 5/6 वेटचं, लार्ज आर्बर (मधला गाभा रुंद असलेलं), 120 ते 150 ग्रॅमचं पुरे. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, किती ताकदीचा यापेक्षा सुरुवातीला झटका न देता सुटतो का, ते बघा: लीडरचं टोक हाताने हळू ओढा, रील अडखळून सुटलं तर नको. 5 एक्स टिपेट (लीडरच्या टोकाचा सगळ्यात बारीक भाग; एक्सचा आकडा जाडीचा) साधारण दोन किलोला तुटतं आणि तुटतं ते त्या पहिल्या झटक्यालाच. रील वाळूत ठेवू नका. बारीक रेती स्पूल आणि फ्रेमच्या फटीत गेली की दिवसभर करकरत राहतं.

भरण्याचा क्रम असा. आधी कोणत्या हाताने गुंडाळणार ते ठरवून रीलचा ड्रॅग त्या बाजूला करून घ्या. मग 20 पौंडी डेक्रॉन बॅकिंग (लाइनच्या मागे भरायची बारीक दोरी), आर्बर नॉटने बांधून 50 ते 70 मीटर, ताण देऊन घट्ट. मासा तिथवर जाणार नाही, पण स्पूल भरलेलं असलं की लाइनची वेटोळी मोठी पडतात आणि ती कमी वळते. बॅकिंगला लाइन अल्ब्राइट नॉटने. इथे एक चूक नेहमी होते: वेट फॉरवर्ड लाइनची दोन टोकं वेगळी असतात आणि रीलकडच्या टोकावर छोटी चिठ्ठी असते. ती न वाचता उलटी भरली तर मागची बारीक रनिंग लाइन पुढे येते आणि काही केल्या फेक होत नाही. भरून झाल्यावर फ्रेमपर्यंत अर्धा सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. लाइन घासत असेल तर बॅकिंग काढा, लाइन कापू नका.

लीडर 9 फुटी, 4 एक्स आणि 5 एक्स असे दोन-तीन. 5 एक्स म्हणजे 0.006 इंच जाडी, 4 एक्स म्हणजे 0.007. फ्लायच्या (गळाच्या) नंबराला तीनने भागलं की टिपेटचा अंदाज येतो: 12 नंबरला 4 एक्स, 14 किंवा 16 ला 5 एक्स. टिपेट सर्जन्स नॉटने जोडा, फ्लाय इम्प्रूव्ह्ड क्लिंचने. गाठ आवळण्याआधी ओली करायचीच. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं आणि मासा लागल्यावर नेमकं तिथेच तुटतं.

रॉड ओवताना लीडरचं टोक ओवत बसू नका. लाइन दुमडून तिचा फास गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) वर न्या. हातातून सुटली तरी फास गाइडला अडकतो आणि सगळं परत खाली येत नाही. तुकडे जोडताना गाइड थोडे तिरपे ठेवून बसवा आणि पिळत सरळ रेषेत आणा. दर तासाभराने सांधे हाताने चाचपा, कारण सैल सांध्यावर रॉड फेकतानाच चिरतो. मासे रॉड क्वचितच मोडतात. मोडतात गाडीची दारं, छताचे पंखे आणि टंगस्टनचा मणी. मणी फेकीत टिपवर आपटतो, कार्बनला न दिसणारी खोक पडते आणि चार दिवसांनी विनाकारण तुकडा पडतो. जड निम्फ असली की फेक जरा उघडी, गोल ठेवा. फ्लाय झाडात अडकली तर रॉडने झटकू नका. रॉड सरळ धरून लाइन हाताने ओढा.

डास पळवण्याच्या काही मलमांत डीट हे रसायन असतं आणि ते लाइनचं प्लॅस्टिक खातं. सनस्क्रीनही तसंच. मळलेली लाइन टोकाकडून बुडायला लागते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ कापडातून ओढली की पुन्हा तरंगते.

जाण्याआधी महिनाभर मैदानात सराव करा. फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि गवतावरच. सिमेंटवर लाइन खरवडली जाते. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून काढावा लागतो. ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते. एप्रिलमध्ये सकाळी पाणी निवळ असतं, दुपारनंतर वरचं बर्फ वितळून चढतं आणि गढूळतं, त्यामुळे लवकर उतरा. खाली लारजीच्या बाजूला कोणी महसीर या मोठ्या माशाचं आमिष दाखवलं तर हा रॉड नेऊ नका. त्याला 8 वेट लागतो, त्याचा प्रश्न वेगळा टाका.