ख्रिस्ती धर्मप्रचारक सेंट फ्रान्सिस झेवियरचं चरित्र लिहितोय : गोव्यात इन्क्विझिशन (चर्चच्या शिकवणीविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारं न्यायासन) त्यांनीच आणलं का?

मागणी त्यांची, पण न्यायासन सुरू झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. १६ मे १५४६ ला अंबोइनाहून (आजच्या इंडोनेशियातलं बेट) पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते मागितलंय. कारण दिलंय की इथे बरेच जण मोझेसच्या (म्हणजे ज्यू) धर्माप्रमाणे आणि मुसलमानी पंथाप्रमाणे, देवाची भीती नि जनाची लाज सोडून राहतात. म्हणजे हिंदूंचं नाव त्या वाक्यात नाही. ते १५५२ त चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, न्यायासन आलं १५६० त. मात्र एवढ्यावर त्यांना निर्दोष ठरवू नका. देवळं-मूर्ती मोडल्याचा आनंद त्यांच्याच इतर पत्रांत आहे. पत्रं आधी वाचा, त्यांना ‘गोंयचो सायब’ (गोव्याचा स्वामी) म्हणणारे आणि शिव्या घालणारे, दोघांचं नंतर ऐका.